दुसऱ्या कडव्यातली जागा

नवऱ्याने गाडीची किल्ली फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली आणि मग फ्रिजचं बटण बंद केलं. घरघर थांबली. पाठोपाठ त्याने पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून टॉवेलात गुंडाळलं, ते बाथरूममध्ये नेऊन ठेवलं आणि दारावरच्या बेलची तार सोडवली. हे सगळं तो ठरलेल्या क्रमाने करत असे. ड्रायव्हिंग शिकवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. आधी आरसा, मग पट्टा, मग गिअर, ही सवय घरातही सुटत नव्हती.

"झालं," तो म्हणाला. "आता मी दगड."

"आणि खोकला आला तर?"

"दगडाला खोकला येत नाही."

ती बेडरूममधल्या कपाटात बसली होती. भिंतीतलं खोल कपाट. खालचे कप्पे काढून तिथे एक बुटकं स्टूल ठेवलं होतं, वर कोट, स्वेटर आणि तिच्या साड्या लटकत होत्या. दाराच्या जागी एक जाड रजई सोडलेली. गिटारची मान रजईच्या कडेने बाहेर यायची, त्यामुळे पलंगावर बसलेल्या नवऱ्याला बायको दिसत नसे, तिची फक्त डावी मूठ दिसे. माइक एका मोडक्या टेबललॅम्पच्या दांडीला चिकटपट्टीने बांधला होता. एवढा सरंजाम एका गाण्यासाठी, असं पाहुण्यांना वाटलं असतं. म्हणून पाहुण्यांना हे कधी दाखवलंच नव्हतं.

तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, थोडी थांबली आणि तारा छेडल्या.

पहिलं कडवं नीट गेलं. मधला तुकडाही गेला. दुसऱ्या कडव्याच्या दोन ओळी झाल्या, तिसरीच्या तोंडाशी तिचा हात वाजवत राहिला आणि तोंड मात्र मिटलं. ओळ निघून गेली. चौथीला ती पुन्हा गायला लागली, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं आणि तिने तारांवर तळवा ठेवला.

"परत तेच," रजईच्या आतून ती म्हणाली.

"ओळ विसरलीस?"

"पाठ आहे रे. समोर लिहूनही ठेवलीय."

"मग?"

"तोंडच उघडत नाही तिथे."

ब्रेकवरचा पाय न उचलणारे पुष्कळ शिकाऊ नवऱ्याने पाहिले होते, आणि अशा वेळी ओरडून उपयोग नसतो हे त्याला माहीत होतं.

किल्लीचं प्रकरण आधी सांगायला हवं. सुरुवातीला एकदा रेकॉर्डिंगच्या नादात फ्रिज बंदच राहिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात जो वास सुटला त्याने शेजारीसुद्धा दारात येऊन उभे राहिले. तेव्हा नवऱ्याने कानाला खडा लावला आणि ही युक्ती काढली: किल्लीशिवाय त्याला कामावर जाता येत नाही, आणि फ्रिज उघडून आत अंधार दिसल्याशिवाय किल्ली मिळत नाही. त्याला स्वतःच्या या शोधाचा फार अभिमान होता. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण आपल्याशिवाय ही गाणी झाली नसती असं तो प्रामाणिकपणे मानत असे, आणि ते खोटंही नव्हतं.

ती दिवसभर कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. कानात कापसाचे बोळे, समोर घासायचं यंत्र, नाकातोंडात गुलाबी भुगा. लोकांचे दात बसवता बसवता तिचे स्वतःचे कान बधिर व्हायचे. रविवारी मात्र ती कपाटात शिरून जुनी गाणी गायची. तिच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतल्या रॉक बँडची गाणी. असे बँड की ज्यांना रेडिओ विचारत नव्हता आणि जे स्वतःही कोणाला विचारायला जात नव्हते. मूळ गाण्यांत विजेच्या गिटारी आणि ड्रमचा नुसता धुमाकूळ. ती तीच गाणी एका लाकडी गिटारवर, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणायची.

"मूळ गाण्यात काहीतरी जळत असतं," नवरा एकदा म्हणाला होता. "तू म्हणतेस तेव्हा आग विझलीय आणि कोणीतरी घर आवरतंय असं वाटतं."

त्याने ते तक्रार म्हणून म्हटलं होतं. तिला ते इतकं आवडलं की त्या दिवशी तिने त्याला भांडी घासू दिली नाहीत.

गाणं झालं की ती ते इंटरनेटवर टाकायची. ऐकणारे मोजकेच. प्रयोगशाळेतल्या दोघी, नवऱ्याचे काही जुने विद्यार्थी आणि कुठले कुठले अनोळखी लोक. त्यांतला एक नेमाने यायचा. फोटो नाही, नाव म्हणजे नुसते आकडे. नवं गाणं टाकलं की तासाभरात त्याचा अंगठा पडलेला असायचा. लिहायचा मात्र एक अक्षर नाही. नवऱ्याच्या मते तो माणूसच नव्हता, असे अंगठे आपोआप देणारी यंत्रं असतात. तिला एकदा, अगदी सुरुवातीला, वेगळीच शंका आली होती. पण तिने ती झटकून टाकली. तो तिचा दादा असता तर दुसऱ्या मिनिटाला चुका काढल्या असत्या. गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

ही गाणी मुळात दादाची. तिचा मोठा भाऊ. त्यानेच ती शोधून आणली, त्यानेच तिला गिटार धरायला शिकवली आणि बोटं सोलवटली म्हणून ती रडायला लागली तेव्हा तोच तिला हसला होता. छंद म्हणून गाते, असं ती सगळ्यांना सांगायची. पण ही गाणी अशी चार लोकांत ठेवली तर कधीतरी, कुठेतरी ती त्याच्या कानावर पडतील, हे खरं कारण ती स्वतःशीही धडपणे बोलत नसे. नवऱ्याला ते न सांगता कळलेलं होतं.

"फोन कर ना सरळ," तो अधूनमधून म्हणायचा. "एवढं कपाटात बसून गाण्यापेक्षा."

"आणि काय बोलू?"

"गाण्यात काय बोलतेस?"

त्यावर ती गिटारच्या खुंट्या पिळत बसायची.

आई आजारी होती तेव्हा दादा लांब, दुसऱ्या देशात नोकरीला होता. पुढच्या आठवड्यात येतो, पुढच्या आठवड्यात येतो, असं तो म्हणत राहिला आणि आईला तो पुढचा आठवडा मिळाला नाही. तो विमानतळाकडे निघाला होता तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "आता येऊ नकोस. आता इथे तुला हाक मारणारं कोणी राहिलं नाही." पलीकडून फोन बंद झाला. आणि तो आला नाही.

तिला वाटलं होतं की तरी येईल. मोठा भाऊ धाकटीचं असलं बोलणं मनावर घेत नाही अशी तिची समजूत होती. आयुष्यभर त्याने ते घेतलं नव्हतं. त्या एकाच वेळी त्याने तिचं ऐकलं. राग तर तिचा वर्षभरातच निवला. त्यानंतर उरली ती लाज, आणि बरीच वर्षं झाली तरी तिच्याने फोन करवेना. त्याचा नंबर तिच्याकडे होता. कितीदा तरी तो काढून तिने परत ठेवून दिला होता.

आज ती जे गाणं पुन्हा रेकॉर्ड करत होती ते महिन्यापूर्वीच होऊन गेलं होतं. दादाचं सगळ्यांत लाडकं गाणं. तिने ते मन लावून गायलं होतं, लोकांना आवडलंही. मग एका अनोळखी माणसाने खाली सभ्यपणे लिहिलं: छान गायलंत, पण दुसऱ्या कडव्यातली एक अख्खी ओळ गाळली आहे, हे मुद्दाम की नजरचुकीने?

तिला कानकोंडं झालं. ओळ गाळली नव्हती. ती ओळ तिला कधी माहीतच नव्हती.

त्याचं असं झालं होतं. दादाच्या मित्राकडे या गाण्यांची कॅसेट होती आणि ती एका संध्याकाळपुरती मिळाली होती. सकाळी परत द्यायची बोली. घरात दोन टेपरेकॉर्डर होते, पण एकातून दुसऱ्यात गाणं नेणारी तार नव्हती. म्हणून दादाने दोन्ही टेप पलंगावर तोंडाला तोंड लावून बसवले, एकात वाजवायचं आणि दुसऱ्यात भरून घ्यायचं. खोलीचं दार लावलं, खिडकी लावली. कोणी हूं की चूं करायचं नाही, हा नियम. तिला शिंकांचा त्रास. तिने फ्रॉकचं टोक तोंडात कोंबलं होतं. असा सगळा बंदोबस्त झाला आणि दुसरं कडवं चालू असताना स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

"जेवायला या रे दोघं!"

आईचा आवाज असा की तिसऱ्या घरातल्या पोरांनीही हात धुवावेत. दोघं एकमेकांकडे डोळे विस्फारून बघत राहिले. दादाने ओठांवर बोट ठेवलं. ओ द्यायची तर रेकॉर्डिंग आणखी बिघडणार, म्हणून कोणीच ओ दिली नाही. गाणं संपेपर्यंत दोघं हलले नाहीत, आणि मग जेवताना पोटभर बोलणी खाल्ली.

दुसऱ्यांदा भरून घ्यायला वेळ नव्हता. त्यामुळे त्यांच्या कॅसेटवर त्या ओळीच्या जागी आई होती. गाण्याचे शब्द दोघांनी त्याच कॅसेटवरून उतरवले. त्या ओळीपाशी उतरवण्यासारखं काही नव्हतंच. पुढे कॉलेजात चार टाळकी जमवून त्यांनी बँड काढला, तेव्हाही तिथे गाणं थांबायचं आणि नुसती गिटार वाजत राहायची. ऐकणाऱ्यांना ती काहीतरी खास शैली वाटायची. स्टेजवर दादा तेवढ्या वेळात तिच्याकडे वळून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवायचा: जेवायला या रे दोघं. हसू आवरताना तिच्या नाकी नऊ यायचे.

कॅसेट पुढे टेपमध्ये अडकून चुरगळली. दादाने पेन्सिल घालून ती गुंडाळायचा प्रयत्न केला आणि शेवटी टाकून दिली. कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही. आई तेव्हा रोजच हाका मारत होती. तिचा आवाज कुठे ठेवून द्यायला हवा हे कोणाच्या डोक्यात येणार?

अनोळखी माणसाचं ते लिहिणं नवऱ्याने वाचलं आणि त्याच संध्याकाळी तो मूळ शब्द शोधून घेऊन आला. एखादं हरवलेलं मांजर पकडून आणावं तसा तो खूष होता. तिने ओळ वाचली. इतक्या वर्षांनी भेटलेली ती ओळ अगदीच साधी निघाली: दार लोटून घे, बाहेर गार झालंय, असं काहीसं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"तुला काय हवं होतं?"

"काही नाही. चांगली आहे."

रिकामी जागा दिसली की ती भरायची, हा तर तिचा रोजचा धंदा. बाकीच्या दातांशी रंग जुळवायचा, उंची जुळवायची, जीभ लागली तरी कळता कामा नये. त्यात अवघड काय होतं? शिवाय कोणी चूक दाखवल्यावर ती तशीच ठेवणं तिला शोभलं नसतं. म्हणून आज पुन्हा फ्रिज बंद, पुन्हा किल्ली आत.

पाचव्या की सहाव्या खेपेला ती ओळ तिच्या तोंडून निघाली. जरा कोरडी, पण सुरात. पुढच्या खेपेला आणखी बरी आली. तिने सगळं गाणं एकदा सलग गायलं, हेडफोन लावून ऐकलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"जमलं?" नवऱ्याने विचारलं.

"जमलं."

"मग चेहरा असा का?"

"कपाटात उकडतं."

त्या रात्री जेवणाआधी तिने नवं गाणं टाकलं आणि जुनं काढून टाकलं. अनोळखी माणसाला आभाराचे दोन शब्दही लिहिले. त्याने लगेच कळवलं की आता गाणं पूर्ण झालं. आकड्यांच्या नावाचा अंगठा मात्र आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला.

"यंत्र बिघडलं असेल," नवरा म्हणाला.

तीही हसली. पण प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत ती गुलाबी भुग्याचे हात पुसून दोनतीनदा बघून आली.

पुढच्या रविवारी दुसरं गाणं घ्यायचं होतं. किल्ली फ्रिजमध्ये गेली, घड्याळ टॉवेलात गेलं, बेलची तार सुटली. नवरा पलंगावर मांडी घालून बसला आणि दगड झाला. ती कपाटात शिरली, गिटार मांडीवर घेतली आणि फोन बंद करायला म्हणून हातात घेतला. स्क्रीनवर एक निरोप येऊन पडला होता. गेल्या रविवारच्या गाण्याखाली कोणीतरी लिहिलं होतं. नावाच्या जागी आकडे होते.

तिने निरोप उघडला. एकच ओळ होती.

"आईला का काढलंस?"

कपाटात अंधार होता आणि फोनचा उजेड कोटांच्या बाह्यांवर पडला होता. घरात काहीच वाजत नव्हतं. तिने ती ओळ पुन्हा वाचली, मग खाली आधीची सगळी गाणी काढून बघितली. प्रत्येक गाण्याखाली तोच अंगठा. पहिल्या गाण्यापासून. इतकी वर्षं तो होता. चुका दिसत असणार, खरं तर दिसल्याच असणार, तरी त्याने एक काढली नव्हती. येऊ नकोस म्हटल्यावर तो कडेला उभा राहून ऐकत होता.

तिला रडू आलं. तिने साडीचा पदर ओढून तोंडात कोंबला. माइक चालू नव्हता, तरी कोंबला.

"काय झालं?" बाहेरून दगड म्हणाला. "सुरुवात कर ना."

"थांब जरा."

तिने लिहायला घेतलं. दादा, मला माफ कर, असं लिहिलं आणि पुसलं. तू होतास तर बोलला का नाहीस, असं लिहिलं; ते वाचताना तिला स्वतःचाच राग आला आणि तेही पुसलं. मग त्या दिवशी मी जे बोलले ते, इथपर्यंत लिहून बोट थांबलं. ते वाक्य कसं पूर्ण करायचं हे तिला फोन हातात धरून बसलेल्या एवढ्या वर्षांत सापडलं नव्हतं. आता कपाटात काय सापडणार होतं? तिने सगळं खोडून टाकलं. अंगठ्याने कोरी जागा पुन्हा पुन्हा दाबत ती बसून राहिली.

रजईच्या कडेने नवऱ्याला तिची मूठ दिसत नव्हती. तो वाट बघत होता.

शेवटी तिने दोन शब्द लिहिले. एकदा वाचले आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिले. मग रजई बाजूला करून ती बाहेर आली आणि तिने फोन नवऱ्यासमोर धरला.

त्याने चष्मा वर सरकवला. आकड्यांचं नाव वाचलं, त्याखालची ओळ वाचली, आणि त्याच्या खाली तिने लिहिलेलं वाचलं.

"जेवायला ये."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. उठून तो स्वयंपाकघरात गेला. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बटणाचा, आणि घरघर पुन्हा सुरू झाली. तो परत आला तेव्हा गार पडलेली किल्ली तो शर्टाला पुसत होता.

"विमानतळावर गाडी मीच नेतो," तो म्हणाला. "तुझं लक्ष रस्त्यावर राहायचं नाही."